खुर्चीतलं बोलणं

माझ्या मामाच्या डोक्यावर औषधालाही केस नाही. न्हाव्यानं टकलं असणं ही धंद्याची बदनामी आहे, असं मामीचं मत. मामाचं म्हणणं, दुकानातला माल मालकानं वापरायचा नसतो.

दुकान मशिदीच्या गल्लीच्या तोंडावर आहे. दोन खुर्च्या, समोरासमोर दोन आरसे, भिंतीला लागून एक बाक, बाकावर कालचं वर्तमानपत्र आणि परवाचे रिकामटेकडे. त्यांतला एक मी. केस कापायचे नसले तरी मी तिथे जाऊन बसायचो, कारण गावात खरं बोलण्याची तेवढी एकच जागा होती. मामा म्हणायचा, "गळ्यावर वस्तरा असला की माणूस एकतर गप्प बसतो, नाहीतर खरं बोलतो. गप्प बसणारे माझ्याकडे येत नाहीत." पण बोललेलं तिथेच राहायचं. खुर्चीतलं बोलणं केसांबरोबर झाडून टाकायचं, हा त्याचा नियम. कोणाचं सासऱ्याशी पटत नाही, कोणाचा देवावरचा विश्वास अधूनमधून डुगडुगतो, कोण नमाज चुकवून क्रिकेट बघतो, हे सगळं मामाला माहीत. आणि मामाच्या तोंडून ते मामीलासुद्धा माहीत नाही. याबद्दल मामीची तक्रार कायमची.

दुसऱ्या खुर्चीवर धाकटा असायचा. धाकटा म्हणजे मामीचा भाऊ. आई गेली तेव्हा त्याला दातही आले नव्हते, आणि मामी लग्न होऊन आली ती त्याला कडेवर घेऊनच. "लोकांना लग्नात बायको मिळते," मामा सांगायचा, "मला बायको आणि मेहुणा. आणि पहिलं वर्षभर रडला तो मेहुणाच." मामानंच त्याला कात्री धरायला शिकवलं. फुग्याला साबणाचा फेस लावून त्यावर वस्तरा फिरवायचा, फुगा फुटला तर पुन्हा पहिल्यापासून. धाकट्यानं इतके फुगे फोडले की समोरचा फुगेवाला त्याला बघून सलाम करायचा.

हात चांगला बसला, पण मन बसलं नाही. मध्ये गाडी चालवून झाली, मोबाइल दुरुस्ती झाली, लांबच्या शहरात नोकरी झाली. प्रत्येक ठिकाणाहून तो थोडा जास्त चिडून परत यायचा. तिशीला टेकला तरी आरशात बघताना त्याचं तोंड असं, की समोरच्यानं आपलं काहीतरी लुबाडलंय.

त्याच सुमारास मशिदीत बाहेरगावचे एक उपदेशक पाहुणे म्हणून आले. त्यांना सगळे पाहुणेच म्हणायचे, कारण चार दिवसांसाठी म्हणून आले आणि मग घरमालकासारखे राहिले. बोलणं गोड, कपडे स्वच्छ, आवाज असा की मागच्या रांगेतला पेंगणाराही सरळ बसावा. संध्याकाळी मशिदीच्या बाजूच्या खोलीत ते तरुणांना घेऊन बसायचे. धाकटा तिथे जायला लागला. त्याची सिगारेट सुटली, सकाळी उठवावं लागेना, नमाजेला तो पहिल्या रांगेत दिसू लागला. मामीनं हात उचलून दुआ केली. मामा म्हणाला, "चला, फुगा वाचला."

आमच्यासारख्या घरांत ही चूक ठरलेली. पोरगा पिऊन आला तर आई वासावरून ओळखते. पण पहिल्या रांगेत उभ्या राहणाऱ्या पोराचा वास कोण घेत बसणार?

एका सकाळी धाकट्यानं जाहीर केलं, "भाऊजी, मी आता केस कापीन, पण दाढी काढणार नाही. ते पाप आहे."

मामानं गिऱ्हाइकाच्या गालावरचा फेस पुसला. "बरं. तू केस बघ, मी पाप बघतो."

मग भिंतीवरचे हिरोंचे फोटो गेले. "आता लोक कसले केस हवेत ते दाखवणार कशावर बोट ठेवून? तुझ्या तोंडावर?" मामानं विचारलं. मग रेडिओ बंद झाला. मामा हसत राहिला. घरातलं पोर, चार दिवस नव्याचे, असं तो म्हणायचा. आणि खरं सांगायचं तर, दाढी काढणं बरोबर नाही असं मानणारा धाकटा काही पहिला नव्हता. आमचे म्हातारे इमामसाहेबही तेच मानतात.

बाहेरच्यांना हे कळत नाही. त्यांना वाटतं दाढी लांब तो कडवा, दाढी आखूड तो मवाळ. पट्टी लावा आणि ओळखा. इमामसाहेबांची दाढी छातीपर्यंत येते, पाहुण्यांपेक्षा चांगली चार बोटं लांब. एक नमाज चुकलेली कोणाला आठवत नाही. ते मिशा कातरायला मामाकडे येतात आणि खुर्चीत बसल्यावर न चुकता सांगतात, "तुझा हा दाढ्या काढायचा धंदा मला पसंत नाही."

"माहीत आहे. मिशा किती ठेवू?"

"ओठ दिसू दे. आणि हे बघ, माझं ते मत आहे. मोठ्या विद्वानांतही याच्यावर वाद झालेत. तुझा जाब तू दे, माझा मी देईन."

"बरं. मान जरा वर."

इतकं झालं की दोघं खूश. वर्षानुवर्षं तोच संवाद, जणू पाठ केलेला.

पाहुणेही तोच ग्रंथ वाचत, त्याच ओळी म्हणत. पण इमामसाहेबांच्या बोलण्यात 'मी' फार यायचा: मी चुकलो, माझ्याकडून राहिलं, मला विचारलं जाईल. पाहुण्यांच्या बोलण्यात 'ते' असायचे: ते चुकतात, ते भेसळ करतात, त्यांना विचारायला हवं. इमामसाहेब म्हणत, मतं चार असली तरी घर एक. पाहुणे म्हणत, मत एकच, बाकीचे घराबाहेरचे. आणि कोण घराबाहेर हे ठरवायचं काम त्यांनी वरच्याला विचारून की न विचारता, पण आपल्याकडे घेतलं होतं. तरुण पोरांना हे आवडायचं. ज्यांना आयुष्यात कुठे आत घेतलं नव्हतं, त्यांना आता दाराशी उभं राहून दुसऱ्यांना बाहेर काढायला मिळत होतं.

शाळेतले गणिताचे सर मामाचे जुने गिऱ्हाईक. मीही त्यांच्याच हाताखाली नापास होत होत पास झालो. एका दुपारी ते दाढीला बसले होते. दुकानात मामा, सर आणि धाकटा, तिघेच. मी नव्हतो, असतो तर हसणारा चौथा झालो असतो. पाहुण्यांनी म्हणे संध्याकाळी दाढी किती मुठी असावी यावर लांबलचक प्रवचन दिलं होतं. सर गालावरच्या फेसातून म्हणाले, "स्वर्गाच्या दारात देव पट्टी घेऊन उभा असेल, तर मला तिथे नोकरी पक्की. मोजमापात माझा हात कोणी धरणार नाही."

मामाला वस्तरा बाजूला ठेवावा लागला, इतका तो हसला. मग सरांनी पैसे दिले, मामानं केस झाडले, विषय संपला.

शुक्रवारी इमामसाहेबांचा घसा बसला होता, म्हणून नमाजेनंतर दोन शब्द बोलायला पाहुणे उभे राहिले. मी मामाच्या शेजारी होतो. पाहुणे म्हणाले, "या गावात एक शिकलेला माणूस आहे. तो म्हणतो, स्वर्गाच्या दारात देव पट्टी घेऊन उभा आहे..."

मामाच्या ओठांवर हसू आलं. ओळखीचा विनोद ऐकू आला की येतं तसं, नकळत. आणि मग ते तसंच चेहऱ्यावर राहून गेलं, कारण पुढचं वाक्यही शब्दाला शब्द आलं, नोकरीसकट. पाहुण्यांनी आवाज चढवला. देवाची थट्टा करणारा आपला राहत नाही. त्याला सलाम नाही, त्याच्या घरी जाणं नाही, त्याच्या हाताखाली आपली पोरं नाहीत. मारा असं ते म्हणाले नाहीत. तसं ते कधीच म्हणत नसत. ते फक्त माणसाला घराबाहेर नेऊन उभं करत आणि दार लावून घेत. पुढचं बाहेरच्या अंधारावर सोडून.

सरांचं नाव घेतलं नव्हतं. गरजही नव्हती. आणि सर दाढी कुठे करतात हेही सगळ्यांना माहीत होतं. पुढच्या रांगांतली डोकी एकेक करून मागे वळली. माझ्या मामाकडे.

तीन दिवसांनी सर शाळेतून येत असताना त्यांना गाठलं. तोंडाला फडकी बांधलेली दोघं होती. पाठ, बरगड्या, आणि उजव्या हाताची बोटं. बोटं मुद्दाम मोडली होती, एकेक.

मामा दवाखान्यात गेला. मी बरोबर होतो. सरांची बायको खोलीच्या दारातच उभी राहिली. ती रडत नव्हती, ओरडलीही नाही. "तुमच्या खुर्चीत बोललेलं तिथं कसं पोचलं," तिनं विचारलं, "तेवढं सांगा आणि आत या."

मग आम्ही जिना उतरलो.

धाकटा दुकानात होता. कंगवे धूत होता, अगदी मन लावून. मामानं शटर अर्धं खाली ओढलं.

"तू सांगितलंस?"

"विचारलं, म्हणून सांगितलं. खोटं कसं बोलणार?"

"त्यांची बोटं मोडली रे."

"ते मी नाही केलं. मला माहीतही नव्हतं." मग त्यानं कंगवे खाली ठेवले आणि मामाच्या जवळ येऊन, आवाज उतरवून, एखादी भेट द्यावी तसं म्हणाला, "भाऊजी, तुमचं नाव मी घेतलं नाही. तुम्हीपण हसला होतात. ते मी नाही सांगितलं."

मामानं शटर पुन्हा वर ढकललं. "उपकार झाले," तो म्हणाला.

मला वाटलं, आता हा माणूस त्याला हाताला धरून सरांच्या बायकोसमोर उभा करणार. नाही केलं. घरी मामीनं मामाचे पायच धरले. "त्याचं नाव बाहेर आलं तर सरांचे भाऊ त्याला सोडतील? पोलीस सोडतील? चूक झाली त्याच्याकडून, पण माझ्या हातावर वाढलाय तो. तुम्ही गप्प राहिलात तर काय जाईल तुमचं?"

काय जाईल ते रोज दुकानात दिसत होतं. बाक रिकामा. जे यायचे ते "बारीक करा" म्हणून तोंड शिवून बसायचे. कोणी उन्हाबद्दल बोलायचं, कोणी रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल. सायकलवाल्याची आणि मामाची लहानपणापासूनची दोस्ती. तो निघताना म्हणाला, "तू असं करणार नाहीस हे मला माहीत आहे," आणि पुन्हा आला नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गल्लीत मला दिसला, कानाजवळ नवा कट घेऊन.

सर घरी आले. हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे स्वतःला दाढी करता येईना, आणि मामाकडे ते येणार नव्हते. दाढी वाढली. ती बघून पाहुण्यांच्या खोलीत बसणारी पोरं एकमेकांना सांगू लागली, बघा, सुधारला. मला ते मामाला सांगावंसं वाटलं. विनोद म्हणून त्यात दम होता. नाही सांगितलं.

मग पाहुण्यांनी पुढचं पाऊल टाकलं. सरांनी मशिदीत येऊन सगळ्यांसमोर माफी मागावी, नाहीतर जे ठरलं ते कायमचं. शुक्रवारी नमाजेनंतर लोक बसून राहिले. सर आले नव्हते. इमामसाहेब भिंतीला टेकून बसले होते, घसा अजून धड नव्हता. पाहुण्यांनी विचारलं, "त्या माणसाच्या बाजूनं कोणाला बोलायचंय?"

अशा वेळी मशिदीचे पंखे फार मोठ्यानं वाजतात.

माझ्या शेजारून मामा उठला. त्याला सभेत बोलायची सवय नाही. गिऱ्हाइकाच्या कानामागून बोलायची सवय. त्यामुळे आवाज खालीच राहिला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"सर बोलले तेव्हा मी हसलो होतो," तो म्हणाला. "थोडंबिडं नाही, पोट धरून. त्यांनी देवाची थट्टा केली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पट्टी घेऊन फिरणाऱ्या माणसांची केली. पण बोलणारा बाहेर असेल, तर हसणाराही बाहेर. मला आधी काढा."

कुजबुज झाली. पाहुण्यांनी हात वर केला. "तुम्ही कबूल केलंत, बरं झालं. म्हणजे हे बोलणं झालं होतं."

"झालं होतं. आणि ते इथं मी आणलं नाही. दुकानात आम्ही तिघं होतो." मामा थांबला. नाव घेईल असं मला वाटलं. "तिघंही हसलो," तो म्हणाला. "तिसऱ्यानं तुम्हाला बोलणं सांगितलं, स्वतःचं हसणं सांगायचं विसरला असेल. तुम्ही त्याला ओळखता. त्याचं काय करायचं तेही ठरवा."

पहिल्या रांगेत धाकटा बसला होता. पाहुणे त्याच्याकडे वळले. रागानं नाही, प्रेमानं वळले, आणि मला त्याचीच भीती वाटली. "तू हसला होतास?"

तो 'हो' म्हणाला असता तर काय झालं असतं? काही नाही. नवा पोरगा, मेहनती पोरगा. पाहुण्यांनी त्याच्यासाठी कुठूनतरी सवलत शोधून काढली असती. पण त्यानं वर्षभर दुसऱ्यांना दाराबाहेर ढकलताना पाहिलं होतं, आणि आपल्यासाठी दार उघडं राहील असं त्याला वाटेना.

"नाही," धाकटा म्हणाला. मग उभा राहून, मामाकडे न बघता, "हे खोटं बोलतायत. स्वतः पण हसले आणि आता मला ओढतायत. असल्या माणसाचा आणि माझा काही संबंध नाही."

भाऊजीसुद्धा म्हणाला नाही. 'असला माणूस.'

मामा खाली बसला नाही, सरळ चालत बाहेरही गेला नाही. तो तसाच उभा राहिला, हात दोन्ही बाजूंना, जणू कोणीतरी त्याच्या गळ्याभोवती कापड बांधून विसरून गेलंय.

मग इमामसाहेब भिंतीला धरून उठले. माईकपर्यंत यायला त्यांना वेळ लागला. घशातून हवाच जास्त येत होती. "कोण हसलं, कोण नाही," ते म्हणाले, "याच्यावरून मशिदीत एका घरातली दोन माणसं एकमेकांना खोटं पाडतायत. बघितलंत? एवढ्यासाठी मी तुम्हाला वर्षानुवर्षं सांगतोय, माणसाच्या काळजात डोकावायचं काम वरच्यानं आपल्याकडे दिलेलं नाही. दाढी ठेवा. मी सांगतो, ठेवाच. पण ती नसलेल्याला बाहेर काढायची किल्ली माझ्याकडे नाही, आणि माझ्याकडे नसेल तर इथं कोणाकडेच नाही." मग पाहुण्यांकडे वळून, "तुमचा मुक्काम लांबला. आजपासून बाजूची खोली बंद."

काही म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. काही तरुण उठून गेले. आठवडा संपायच्या आत पाहुणे गेले, आणि त्यांच्याबरोबर खोलीतली निम्मी पोरं. कुठे, ते कोणी सांगत नाही. धाकटा घरी येऊन पिशवी भरून गेला. मामी स्वयंपाकघरात होती. तो तिच्याशी बोलला, पण बोलला ते फक्त, "येतो."

आता लोक म्हणतील, मामाचं नाव तर साफ झालं. झालं. सरांच्या बायकोनं त्याला बाजारात थांबवून माफी मागितली. सायकलवाला परत आला, बाकही हळूहळू भरला. सरांनी तर एक दिवस खुर्चीत बसून वाढलेली दाढी काढून घेतली. मोडलेली बोटं मांडीवर ठेवून ते डोळे मिटून बसले होते, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मामानंही विचारलं नाही. निघताना त्यांनी मामाच्या खांद्यावर डावा हात ठेवला. विश्वास ठेवला, पण बोलले नाहीत. लोकांना आता कळलं होतं, न्हावी कितीही चांगला असला तरी दुकानात दोन आरसे असतात आणि मागे कोण उभं आहे ते बघावं लागतं.

त्या संध्याकाळी मी मामाच्या घरी जेवायला थांबलो. मामी वाढत होती. मशिदीत काय झालं ते तिनं आतापर्यंत चार बायकांकडून ऐकलं होतं, मामाला मात्र तिनं कधी विचारलं नव्हतं. आज विचारलं.

"खरंच हसला होता तो?"

मामा घास चावत राहिला. "हसला होता. माझ्या आधी."

"मग खोटं का बोलेल? तिथं, मशिदीत?" तिनं पळी भांड्यात ठेवली. "लहानपणी खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. मी न विचारताच ओळखायची. झाले होते का लाल?"

मामानं तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलायचं की खरं, हे तो ठरवतोय असं मला वाटलं. मग त्यानं न्हाव्याचं उत्तर दिलं.

"केस वाढवलेत त्यानं. कान दिसले नाहीत."

मामीनं पळी पुन्हा उचलली.

"कापतं कोण आता त्याचे?" ती म्हणाली.